तेल नाही, तापमान सांगा

‘ट्रॅकवर जायचंय, कुठलं तेल टाकू?’

हा प्रश्न विचारणारा साधारण पंचविशी-तिशीतला असतो. गाडी एकच. तिचे हप्ते चालू. त्याच गाडीने सोमवारी हिंजवडीला कामावर जायचं असतं, गणपतीत आईवडिलांना घेऊन कोकणात उतरायचं असतं, आणि मधल्या एखाद्या शनिवार-रविवारी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर वर्षभर साठवलेली हौस फेडायची असते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांमध्ये आपलीच रस्त्यावरची गाडी रेसट्रॅकवर मोकळी सोडायची. पुण्याहून तिथवर हजार-बाराशे किलोमीटर गाडी चालवत जाणारे लोक आहेत. आणि त्याच गाडीने त्यांना परतही यायचं असतं. मागे मेकॅनिकांचा ताफा नाही, ट्रकमध्ये सुटं इंजिन नाही, प्रायोजक नाही. इंजिन बसलं तर काही महिन्यांचे पगार त्याच्याबरोबर बसतात.

म्हणजे प्रश्न अगदी खरा आहे. पण त्याला मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा श्रद्धेतून आलेली असतात. आपल्याकडे तेलाचे तीन पंथ आहेत. पहिला पोथीवाल्यांचा : गाडीच्या पुस्तिकेत जे छापलंय तेच टाका, कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा तुम्ही शहाणे आहात का? दुसरा घट्टवाल्यांचा : ट्रॅकवर इंजिन तापतं, तेल पातळ होतं, तेव्हा मिळेल तितकं घट्ट तेल ओता. तिसरा पंथ डबेवाल्यांचा (मुंबईच्या डबेवाल्यांची माफी मागून) : अमुक ब्रँडचं, सोनेरी डब्यातलं, ‘रेसिंग’ लिहिलेलं, सगळ्यात महागडं ते घ्या आणि निश्चिंत व्हा.

तिघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. पण तिघे करतात एकच गोष्ट. तुमच्या इंजिनातलं तेल ट्रॅकवर नेमकं किती अंशांपर्यंत तापतं, हे एकानेही विचारलेलं नसतं. अंगात ताप किती आहे हे न बघता गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. तेलाच्या बाबतीत मात्र असल्या डॉक्टरांच्या मागे आपण झेंडे घेऊन फिरतो.

टॉवरसाहेबांचं बूच

तेल इंजिनात करतं काय, इथून सुरुवात करू. ‘वंगण’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते कुरकुरणाऱ्या बिजागरीवर सोडलेलं दोन थेंब खोबरेल. इंजिनातलं काम त्याहून फार वेगळं आहे, आणि ते कळलं एका फसलेल्या बुचामुळे.

१८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधल्या घर्षणावर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने बूच लावलं, ते उडालं. मग लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाब मोजायचं गेज लावलं, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. तिथे कुठलाही पंप नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखं खाली ओढत होता आणि त्या तेलाच्या थरावर तरंगत होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं.

तुमच्या इंजिनातला क्रँक आजही तसाच तरंगतो. धातूला धातू लागत नाही, कारण मध्ये काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असा थर असतो. तो टिकणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं : क्रँक किती वेगाने फिरतोय, त्याच्यावर भार किती आहे आणि त्या ठिकाणी, त्या क्षणी तेलाचा दाटपणा किती आहे. शाळेच्या पुस्तकात या दाटपणाला श्यानता म्हणायचे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पंपाचा दाब क्रँकला तोलून धरत नाही. पंपाचं काम पोस्टमनचं : बेअरिंगपर्यंत तेल पोचवायचं, अखंड. त्यामुळे ‘घट्ट तेल टाकल्यावर प्रेशर वाढलं, म्हणजे इंजिन सुरक्षित झालं’ हे अर्धसत्य आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डब्यातल्या तेलाचा दाटपणा किती, हा प्रश्नच नाही. तापलेल्या बेअरिंगमधल्या तेलाचा दाटपणा किती, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर तापमान कळल्याशिवाय कुणालाही देता येत नाही.

डब्यावरचे आकडे काय सांगतात, काय लपवतात

‘५डब्ल्यू-४०’ मधला डब्ल्यू विंटरचा, हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं ते. हे वर्गीकरण अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या संस्थेचं, एसएईचं. त्याची सुरुवात १९११ मधली; आजच्या मानकाचं नाव जे३००. १०० अंश सेल्सियसला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक दाटपणा असेल तर ते २० ग्रेडचं तेल, ९.३ ते १२.५ असेल तर ३०, १२.५ ते १६.३ पर्यंत ४०, आणि १६.३ ते २१.९ पर्यंत ५०.

१०० अंशांना, हे लक्षात ठेवा. शहरात आणि हायवेवर तेल ९० ते १०५ अंशांच्या आसपास राहतं, त्यामुळे आकडे जुळतात. ट्रॅकवर ते १२० होतं, १३० होतं, लहान चेंबरच्या टर्बो इंजिनात त्याच्याही वर जातं. तिथे ढोबळमानाने हिशोब असा : दर २० अंशांना तेल एक ग्रेड खाली उतरतं. १०० अंशांना १४ सेंटिस्टोक असलेलं ५डब्ल्यू-४० तेल १२० अंशांना सुमारे साडेनऊवर येतं, म्हणजे ३० च्या घरात. ५डब्ल्यू-३० तेल १२० ला २० सारखं वागायला लागतं. आणि ०डब्ल्यू-२० चं १३० अंशांना काय होतं? सुमारे पाच सेंटिस्टोक. साध्या २० च्या वर्गातूनही ते केव्हाच बाहेर पडलेलं असतं.

याहून कामाचा आकडा सहसा डब्यावर नसतोच. त्याचं नाव एचटीएचएस : १५० अंशांना, बेअरिंगमध्ये जशी ओढाताण होते तशी ओढाताण करून मोजलेला दाटपणा. आधुनिक तेलात लांबलचक पॉलिमर रेणू घातलेले असतात. ते तेल तापल्यावर त्याला पातळ होऊ देत नाहीत. पण बेअरिंगच्या चिमटीत ते रेणू आडवे होतात, काही कायमचे तुटतात. निवांत मोजलेला दाटपणा आणि चिमटीतला दाटपणा म्हणून वेगळे. जे३०० नुसार हा आकडा २० ग्रेडला किमान २.६ हवा, ३० ला २.९, आणि ५डब्ल्यू-४० सारख्या तेलाला ३.५.

आता गंमत बघा. दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्हींवर ५डब्ल्यू-३० लिहिलंय. एक युरोपच्या एसीईए संघटनेच्या ए५/बी५ वर्गाचं, त्याचा एचटीएचएस २.९ ते ३.५ च्या मध्ये. दुसरं सी३ वर्गाचं, त्याला किमान ३.५ ची अट. मागच्या बाजूला बारीक अक्षरात हा फरक लिहिलेला असतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतो तो घोडा, ढाल नाहीतर ज्वाळा.

पोथीत लिहिलंय, पण कशासाठी?

पोथीवाल्यांचा युक्तिवाद तिघांत सगळ्यात भक्कम आहे, त्यामुळे तो नीट घेऊ. इंजिन ज्यांनी घडवलं त्यांनीच तेल ठरवलं. हजारो तास चाचण्या केल्या. मग गल्लीतल्या शहाण्याने त्यात बोटं का घालावीत? रस्त्यावरच्या वापरापुरतं हे शंभर टक्के बरोबर आहे. पण पुस्तिका एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर असते. प्रश्न असा : सामान्य रस्त्यावर, सामान्य वेगाने, कमीत कमी इंधन जाळत, वॉरंटीच्या मुदतीत आणि त्यापुढेही हे इंजिन नीट चालावं यासाठी कुठलं तेल?

यातला ‘कमीत कमी इंधन’ हा भाग किरकोळ नाही. भारतात २०१७-१८ पासून ‘कॅफे’ नियम आहेत : कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचा सरासरी इंधनवापर ठरलेल्या मर्यादेत हवा. २०२२-२३ पासून मर्यादा आणखी आवळली. पातळ तेल म्हणजे इंजिनाला ते ढकलायला लागणारे कमी श्रम, म्हणजे थोडं का होईना जास्त मायलेज. एका गाडीला तो फरक नगण्य, पण लाखो गाड्यांच्या सरासरीत मोलाचा. म्हणून ५डब्ल्यू-३० वरून ०डब्ल्यू-२०, आणि काही नव्या इंजिनांत ०डब्ल्यू-१६ पर्यंत प्रवास झाला. यात कट वगैरे काही नाही. त्या तेलासाठी इंजिनंही तशी घडवली आहेत. रस्त्यावर ती उत्तम चालतात.

पण तुम्ही प्रश्न बदललात. तुम्ही विचारताय : वीस मिनिटं जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर, पस्तीस अंशांच्या उन्हात, पाच-सहा हजार फेऱ्यांच्या खाली न उतरता काय टाकू? पुस्तिकेने या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नाही. बहुतेक कंपन्या वॉरंटीत शर्यती आणि ट्रॅकवरचा वापर आधीच वगळून ठेवतात. आपण जबाबदारी घेत नाही असं ज्या वापराबद्दल कंपनी स्वतः लिहून देते, त्या वापरासाठी तिच्याच पुस्तिकेचा दाखला देणं म्हणजे, वकिलाने ‘हे प्रकरण मी घेत नाही’ सांगितल्यावरही त्याच्याच नावाने खटला लढवणं.

ज्या मोजक्या कंपन्यांनी ट्रॅकचा प्रश्न स्वतःला विचारला, त्यांनी उत्तरही वेगळं दिलं. फोर्डने मस्टँग जीटीच्या पाच लिटरच्या इंजिनाला ५डब्ल्यू-२० तेल सांगितलं. त्याच कुळातलं इंजिन २०१२ मध्ये ट्रॅकसाठीच्या बॉस ३०२ मस्टँगमध्ये बसवलं, तेव्हा सांगितलं ५डब्ल्यू-५०. आणि पोथीवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं : फोर्डने नुसतं तेल नाही बदललं. ऑइल कूलर दिला, आणि वळणावर तेल सैरावैरा पळू नये म्हणून चेंबरमध्ये आडभिंती घातल्या. शेव्हर्ले कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीत तर एकाच गाडीच्या पुस्तिकेत दोन तेलं होती : रोजच्यासाठी ५डब्ल्यू-३०, ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५०, आणि परत आल्यावर पुन्हा आधीचं. २०१९ मध्ये कंपनीने हा द्राविडी प्राणायाम संपवून दोन्हींसाठी ०डब्ल्यू-४० सांगितलं.

म्हणजे इंजिनिअरवर विश्वास ठेवायचाच असेल तर पूर्ण ठेवा. तो सांगतोय की वापर बदलला की तेल बदलतं.

घट्ट म्हणजे भक्कम नव्हे

घट्टवाले इथे टाळ्या वाजवतील. थांबा.

त्यांच्या म्हणण्यात अर्धा भाग खरा आहे, आणि पद्मिनी-ॲम्बॅसिडरच्या जमान्यात तर तो जवळजवळ पूर्ण खरा होता. बेअरिंगच्या फटी मोठ्या, तेलं साधी, आणि झिजलेल्या इंजिनाला दाट तेलाने खरंच आधार मिळायचा. ते शहाणपण गॅरेजच्या पिढ्यांमधून खाली आलं आणि आज टर्बो बसवलेल्या, केसाएवढ्या तेलवाटा असलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतायला सांगू लागलं.

सकाळी इंजिन सुरू करताना काय होतं बघा. साधारण तीस अंशांना २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-४० च्या दुपटीहून दाट असतं. पंपाला ते ढकलायला कष्ट पडतात, दाब वाढतो, दाब वाढला की पंपाची सुटका-झडप उघडते आणि ढकललेल्या तेलातला काही भाग बेअरिंगकडे न जाता गुपचूप चेंबरमध्ये परततो. गेजवरचा काटा उंच आणि बेअरिंगपर्यंत पोचणारं तेल कमी, असा उफराटा प्रकार. व्हॉल्व्हचं टायमिंग तेलाच्या दाबावर बदलणाऱ्या इंजिनांमध्ये तर ती यंत्रणाच मंदावते. शिवाय दाट तेल घुसळताना उष्णता जास्त निर्माण होते. म्हणजे तापमानावरचा उपाय म्हणून आणलेलं तेल तापमानात स्वतःची भर घालतं.

ट्रॅकवर १४० अंश दिसत असतील तर ५० ग्रेडचं तेल म्हणजे तापात अंगावर दुसरी गोधडी. उपाय आहे तो ऑइल कूलर, छोटी सत्रं, आणि शेवटची फेरी हळू मारणं. तेल दाट करत जाणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. आणि तुमचा पारा १२५ ला थांबत असेल तर ५० ची गरजच नाही.

सोनेरी डबा

आता डबेवाले. यांचं शस्त्र म्हणजे दोन शब्द : ‘सिंथेटिक’ आणि ‘रेसिंग’.

‘फुल्ली सिंथेटिक’ म्हटलं की प्रयोगशाळेत रेणू रेणू जोडून बनवलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. एके काळी अर्थ साधारण तसाच होता. मग कॅस्ट्रॉलने कच्च्या तेलापासूनच, पण फार कडक प्रक्रियेने शुद्ध केलेलं तेल सिंथेटिक म्हणून विकायला सुरुवात केली. मोबिलने तक्रार केली. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींच्या स्वयंनियमन मंडळाने निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला, आणि तेव्हापासून तो शब्द दोघांचाही झाला. असं तेल वाईट असतं, असं मी म्हणत नाही. आजची बरीच उत्तम तेलं त्याच जातीची आहेत. मुद्दा एवढाच की हा शब्द विक्री विभागाचा आहे, त्याच्यावर ट्रॅकचा निर्णय घेता येत नाही.

‘रेसिंग’ शब्दात तर खरा धोका आहे. शर्यतीच्या गाडीचं तेल शर्यतीनंतर काढून टाकतात, इंजिन ठरलेल्या तासांनी खोलतात. अशा तेलाला महिनोन्‌महिने काजळी धुण्याचं काम नसतं, म्हणून त्यात डिटर्जंट कमी असू शकतात. झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं मिश्रण जास्त असू शकतं. तेच फॉस्फरस जळून एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतं. म्हणून तर रस्त्यावरच्या पातळ ग्रेडच्या तेलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांची आणखी एक दुखरी नस आहे : कमी फेऱ्यांवर जोर लावला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. तेलातलं कॅल्शियम या प्रकाराला हातभार लावतं असं आढळलं, आणि २०१८ चा एपीआय एसएन प्लस आणि २०२० चा एपीआय एसपी हे वर्ग त्यावरच्या चाचणीसह आले. ज्या गाडीने सोमवारी ट्रॅफिकमध्ये तिसऱ्या गिअरवर रेंगाळायचं आहे, तिच्यासाठी हा वर्ग डब्यावरच्या ज्वाळांपेक्षा मोलाचा आहे.

आणि ही शिफारस येते कुठून? आपल्याकडे कित्येक तेलांच्या झाकणाखाली मेकॅनिकसाठी कूपन असतं. त्यात बेकायदा काही नाही. पण ‘आपण हेच टाकतो साहेब, बिनधास्त’ या वाक्याचा किती भाग अनुभवाचा आणि किती कुपनाचा, हे विचारायचा हक्क गाडीच्या मालकाला आहे.

आग सोमेश्वरी

या तिन्ही पंथांच्या भांडणात सगळ्यात मोठा गुन्हेगार हसत हसत निसटतो. ट्रॅकवर बेअरिंग जळण्याचं एक मोठं कारण चुकीचं तेल हे नसतंच. तेल न पोचणं हे असतं.

साधा हिशोब आहे. चांगले टायर आणि सपाट वळण असेल तर रस्त्यावरची गाडी बाजूला एक जीच्या जवळपास बळ झेलते. एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढंच बळ आडवं. त्या क्षणी चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरका होतो. परातीत पाणी घेऊन ती इतकी कलती करून बघा. छोट्या हॅचबॅकच्या चेंबरमध्ये तेल असतं साडेतीन-चार लिटर. त्यातलं काही वर, व्हॉल्व्हच्या मजल्यावर अडकलेलं. जास्त फेऱ्यांवर ते खाली यायला वेळ लागतो. उरलेलं एका भिंतीवर चढलेलं. आणि पंपाची सोंड मध्यभागी, उघडी पडलेली. लांबलचक वळणावर दोन-तीन सेकंद पंप तेलाऐवजी हवा ओढतो. बीचम टॉवरची पाचर तिथेच संपते. धातूला धातू लागतो.

या दोन सेकंदांत तुमच्या इंजिनात कुठल्या ब्रँडची हवा होती, याने काय फरक पडतो?

डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत जवळजवळ लिटरभराचं अंतर असतं. तेल खालच्या खुणेवर ठेवून ट्रॅकवर उतरणारा आणि वरच्या खुणेवर ठेवून उतरणारा, यांच्यातला फरक हा कुठल्याही दोन डब्यांमधल्या फरकापेक्षा मोठा आहे. त्याची किंमत काहीशे रुपयांचं तेल आणि एक फडकं. (वरच्या खुणेच्या पुढे भरमसाट ओतणं हाही उपाय नाही, क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.) तरीही सत्रांच्या मधल्या अर्ध्या तासात डिपस्टिक ओढून बघणारे किती आणि ब्रँडवर घसा कोरडा करणारे किती, हे कुठल्याही पॅडॉकमध्ये उभं राहून मोजा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

मोजायला का नको असतं?

कारण मोजलं की वाद संपतो. ब्रँडवर भांडण्यात मजा आहे, आपलेपणा आहे, आपण जास्त पैसे मोजले ते वाया गेले नाहीत याचं समाधान आहे. तापमानाचा आकडा यातलं काही देत नाही. तो कधी सांगतो की तुमचं स्वस्तातलं तेल पुरेसं आहे. कधी सांगतो की सोनेरी डबा असूनही तुम्ही सत्र दहा मिनिटांवर आणायला हवं. पहिलं ऐकून मिरवता येत नाही आणि दुसरं ऐकवत नाही.

गाडी कंपन्याही यात निरागस नाहीत. डॅशबोर्डवर सहा रंगांची दिवेलागण देतील, तेलाचं तापमान मात्र बऱ्याच गाड्यांत देत नाहीत. जो काटा देतात तो कूलंटचा, आणि तोही मुद्दाम सुस्त केलेला : बऱ्याच गाड्यांमध्ये पाण्याचं तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी काटा मधोमध ध्यान लावून बसतो, मालक घाबरू नये म्हणून. ट्रॅकवर पाणी ठीकठाक असताना तेल चाळीस अंश पुढे गेलेलं असू शकतं. ‘स्पोर्ट’ बिल्ला लावून जास्तीचे पैसे घेणाऱ्या गाडीत हा एक आकडा नसणं याला लबाडीच म्हणायला हवं.

यावर आक्षेप येतो : आम्ही वर्षातून दोनदा जातो, त्यासाठी एवढी उठाठेव कशाला? नेमकं म्हणूनच. दर आठवड्याला जाणाऱ्याला गाडीचा आवाज, वास, सवयी पाठ असतात. दोनदा जाणाऱ्याकडे आकड्याशिवाय दुसरं काहीच नाही. काही गाड्या तेलाचं तापमान ओबीडीच्या सॉकेटमधून फोनवर दाखवतात. ज्या दाखवत नाहीत त्यांना तेलाच्या वाटेत सेन्सर आणि एक छोटं गेज चांगल्या मेकॅनिककडून बसवून घेता येतं. ते चार टायरच्या संचाच्या तुलनेत स्वस्त पडतं, आणि टायरवर खर्च करताना कुणी ‘वर्षातून दोनदाच तर’ म्हणत नाही.

तर मग टाकायचं काय?

एवढं सुनावल्यावर उत्तर न देता पळून जाणं बरं नव्हे. पुस्तिकेपासूनच सुरुवात करा. तिच्यात एकाहून जास्त ग्रेड दिल्या असतील तर ट्रॅकसाठी त्यातली वरची घ्या. एकच ०डब्ल्यू-२० दिली असेल तर ट्रॅकच्या आधी एक-दोन पायऱ्या वर जा, आणि वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी आधी स्वतः वाचा. डब्याची मागची बाजू वाचा : एचटीएचएस ३.५ च्या वर असण्याची हमी देणारा वर्ग शोधा. एसीईए ए३/बी४, सी३, किंवा फोक्सवागनचं ५०२ ००, हे तशी हमी देतात. टर्बो पेट्रोल असेल तर जोडीला एपीआय एसपी बघा. आपल्या हवेत, रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्या बहुतेक गाड्यांसाठी हे वर्णन एखाद्या साध्या, सभ्य ५डब्ल्यू-४० वर येऊन थांबतं. ब्रँड कुठलाही, फक्त दुकान खात्रीचं हवं. नकली तेलापुढे सगळे वर्ग फोल.

मग मोजा. तेल ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय जोर लावू नका; पाणी आधी तापतं, तेल मागून येतं. १३० च्या आत राहिलात तर तेल बदलायची गरज नाही. १३५ च्या पुढे गेलात तर गाडी हळू करा आणि पुढच्या वेळी कूलरचा विचार करा. दर सत्रानंतर डिपस्टिक बघा. आणि तेल लवकर बदला. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे की दर दहा अंशांना तेल सडण्याचा वेग दुप्पट होतो. त्यात टर्बो इंजिनात पेट्रोल झिरपून तेल आणखी पातळ होतं. दहा हजार किलोमीटरचा हिशोब ट्रॅकवर लागू नाही. एक महागडा डबा वर्षभर वापरण्यापेक्षा मध्यम किमतीचे दोन डबे, प्रत्येक एक-दोन ट्रॅक डेनंतर बदललेले, इंजिनाला केव्हाही जास्त मानवतात.

यात मिरवण्यासारखं काही नाही, हे मान्य. पण हप्ते तुमचे आहेत. परतीचे हजार-बाराशे किलोमीटरही तुमचेच. पुढच्या वेळी पॅडॉकमध्ये कुणी छातीठोकपणे तेलाचं नाव सुचवलं, तर त्याला एवढंच विचारा : तुमचं किती अंशांना गेलं होतं? आकडा आला तर बसून ऐका, तो माणूस कामाचा आहे. नाहीतर डिपस्टिक पुसायला घ्या.